चार राखाडी पट्टे

१

“बाई, माझ्या घरात चोरी झालीय,” असं म्हणत सर दुकानात शिरले, तेव्हा मी मशीनखाली डबा लावत होते.

“मग चौकीवर जा की सर. इथे रंग मिळतो,” मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे. आधी बोलते, मग माणसाकडे बघते. बघितलं आणि जीभ चावली. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस एरवी इस्त्रीची घडी मोडू देत नाही.

त्यांनी खिशातून पाकीट काढून काउंटरवर उपडं केलं. त्यातून नखाएवढा रंगाचा पापुद्रा पडला. राखाडी.

“भिंत आहे जागेवर,” ते म्हणाले. “भिंतीवर जे होतं ते गेलं.”

काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या वर्षी सलग अकरा दिवस दुकानात येत होत्या. झोपायच्या खोलीला राखाडी हवा होता. लोकांना वाटतं राखाडी म्हणजे राखाडी, पांढऱ्यात काळा ओतला की झालं. तसं नसतं. एकात थेंबभर निळा असतो, एकात पिवळा, एकात लाल, एकात हिरवा. तो थेंब कार्डावर लपून बसतो आणि भिंत रंगवून झाली की बाहेर येतो. मग गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं. वहिनींना तो थेंब कार्डावरच दिसायचा. तीस वर्षांत असा डोळा मी दोघांचाच पाहिला, एक त्यांचा आणि एक माझ्या दादाचा.

शेवटी त्यांनी चार राखाडी वेगळे काढले आणि म्हणाल्या, “एवढ्याशा कार्डावर कळत नाही हो. अख्ख्या भिंतीवर चार रुंद पट्टे मारून घेते, खालपासून वरपर्यंत, एकाला एक लागून. नाहीतरी आता पडूनच राहायचंय, बघत बसेन आणि ठरवेन.” आजार तोवर पक्का झाला होता. चारही डबे मी भरले. पट्टे दादाने मारले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रंगारी. रंग बघायला मला त्यानेच शिकवलं.

“तिनं ठरवलं होतं,” सर सांगू लागले. “हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात म्हणाली, भिंतीवर खूण केलीय मी, घरी गेलात की बघा. मी घरी परतलो ते एकटाच. खोलीला कुलूप लावलं. चार महिने उघडवलं नाही. परवा मनाचा हिय्या केला. म्हटलं, तिची खूण शोधू आणि तोच रंग सगळ्या खोलीला देऊ. दार उघडलं तर भिंत एका रंगाची. पट्टे नाहीत, खूण नाही. मला आता कधीच कळणार नाही तिनं काय निवडलं.”

“कुणाचं काम असेल?”

“माझ्या मुलीचं,” ते म्हणाले, आणि तेवढं बोलताना त्यांचा आवाज एकदम सरळ झाला. “तीच मागे लागली होती, बाबा, ती खोली रंगवून टाका एकदाची. किल्लीही तिच्याकडे होती. मी सांगितलंय तिला, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.”

मी पापुद्रा घेऊन दारातल्या उजेडात गेले. वरचा थर चारांपैकी एकही नव्हता. नुसता काळा आणि पांढरा, राखाडीतला सगळ्यात भोळा राखाडी. असा डबा गेल्या दोन महिन्यांत मी एकच भरला होता, तीन आठवड्यांपूर्वी, सरांच्याच घरातल्या पॅसेजसाठी. तो डबा माझ्या दादाने नेला होता.

२

त्याच दुपारी दुकान दुसऱ्यावर सोपवून मी सरांकडे गेले. वाटेत मनाशी हिशोब मांडला. तीन आठवड्यांपूर्वी सरांच्या भिंतीतला पाइप फुटला. पॅसेजला ओल आली, आणि आतल्या खोलीत पट्ट्यांच्याच भिंतीला, खिडकीखाली, पोपडे धरले. सरांना रंगाच्या वासाने दम लागतो, म्हणून ते आठवडाभर मित्राकडे राहायला गेले. किल्ल्या मुलीकडे. दादाने पॅसेज रंगवला, खिडकीखालचा पोपडा काढून तिथे पुट्टी भरली. सरांनी परवा त्याला फोन करून विचारलंही होतं, आतली भिंत तुम्ही मारलीत का? तो म्हणाला, नाही.

दादा नाही म्हणाला म्हणजे नाही. शिवाय पट्टे त्याने स्वतःच्या हाताने मारलेले, ते कशासाठी होते हे घरच्यांइतकंच त्याला ठाऊक. सगळ्या गावाने ती भिंत पुसली असती, पण दादाने नाही, असं मी स्वतःला सांगितलं. डबा पॅसेजमध्ये उघडा पडलेला असणार, कुणीही रोलर बुडवावा.

खोलीत पलंग होता, पलंगावर गादी होती, चादर नव्हती. पलंग भिंतीला लागूनच. सर उंबऱ्यातच थांबले.

मी आधी कडा बघितल्या. आमच्यात म्हणतात, रंगारी ओळखायचा तर कोपऱ्यात बघ. छताची रेघ दोरी धरल्यासारखी सरळ. स्विचच्या पेटीवर एक शिंतोडा नाही. जमिनीलगतच्या पट्टीला कुठे रंग लागलेला नाही. मी मनात वा म्हटलं. मग चार पावलं मागे सरले आणि भिंतीच्या मधोमध बघितलं. छातीच्या उंचीवर तीन-चार ठिकाणी तळहाताएवढे भाग राहून गेले होते. रोलर तिथे फिरलाच नव्हता. खालचा जुना थर दिसत होता.

नवखा माणूस मधली भिंत बरी मारतो आणि कडेला घाण करून ठेवतो. इथे सगळं उलटं होतं. कडेला हात मुरलेला, आणि मधल्या मोकळ्या भिंतीवर, जिथे आंधळाही चुकणार नाही, तिथे चुका.

“सर, मुलीने कधी हातात ब्रश धरलाय?”

“तिला साधी रेघ सरळ मारता येत नाही. नकाशाच्या वहीत मीच मारून द्यायचो.”

“मग ही भिंत तिने मारलेली नाही. आणि पट्टे खाली आहेत अजून, ते कुठे जात नाहीत. राहून गेलेल्या भागात दिसतायत बघा.”

“पण खूण?”

भिंत रंगवायच्या आधी पॉलिश पेपरने घासतात. पेन्सिलीची खूण पहिल्याच फटक्यात गेली असणार.

सर दाराला टेकून खाली बसले. “बाई, तुम्हाला खरं सांगू? पट्टे मारले त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं होतं, कुठला बरा वाटतो? मी पेपर वाचत होतो. वर न बघताच म्हटलं, चारही सारखेच आहेत, कुठलाही लाव, काय फरक पडतो. नंतर तिनं परत विचारलं नाही. दोन महिने मी रोज तिच्या उशाशी बसत होतो, पण ती भिंत एकदाही नीट बघितली नाही. आता मला तेवढंच हवंय. तिला कुठला आवडला ते.”



३

मुलगी एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळते. मला बघताच ओळखलं. डोळे सुजलेले होते.

“काकू, बाबांनी पाठवलं का?”

“बाबांनी नाही, भिंतीने पाठवलं,” मी म्हटलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण ती रडली.

“मी म्हटलं होतं रंगवून टाका,” ती म्हणाली. “कारण ते रात्रंदिवस त्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. जेवायचं ताटही तिथेच. आई गेली, आता मला बाप पण जाताना दिसत होता. पण म्हणून मी आईची भिंत पुसेन? मी तर त्या खोलीत गेलेही नाही. रंगारीकाकांसाठी कुलूप काढलं आणि तोंड फिरवून निघून आले. काम झालं म्हणून फोन आला तेव्हा कुलूप लावलं, तेही आत न बघता. मला बघवत नव्हतं.”

“किती दिवस उघडी होती खोली?”

“सोमवार ते गुरुवार. गुरुवारी मावशी आली होती आईच्या साड्या न्यायला. तिला विचारा. ती बाबांशी बोलत नाही, माझ्याशीही धड नाही.”

निघताना तिने माझा हात धरला. “काकू, कुणी केलं ते नाही कळलं तरी चालेल. पण मी नाही केलं एवढं त्यांना पटवा. आईच्या मागे मला तेवढं एकच माणूस आहे.”

मी पटवते म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. कारण आता उरली होती वहिनींची बहीण, आणि ती नसेल तर मग फक्त एकच माणूस उरत होता.

४

वहिनींच्या बहिणीने मला दारातच उभं केलं. उंच, ताठ बाई. बहिणीच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिचं सगळं हिनेच केलं होतं.

“मी रंगवली असती तर चुन्याने पांढरी फटक केली असती,” ती म्हणाली. “राखाडी कशाला मारू? मला तो रंग डोळ्यांसमोर नको. शेवटच्या दिवसांत तिची नखंसुद्धा राखाडी पडली होती.”

“म्हणजे?”

“उजव्या हाताची. बोटांच्या पेरांपाशी, नखांच्या आत. हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी मी दुपारी जरा आडवी झाले होते. उठून बघते तर हे. मी साबणाने घासत बसले, निघेना. ती नुसती हसत होती. मला वाटलं रक्त आटलं. आता जायची, असं तेव्हाच माझ्या मनानं घेतलं.”

मी ते मनात एका बाजूला ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात आला नाही, आला असता तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

“गुरुवारी तुम्ही साड्या न्यायला गेलात. तेव्हा भिंत कशी होती?”

“ओली होती. वास येत होता ना. तुमचा रंगारी पॅसेजमध्ये बादलीत ब्रश धूत बसला होता.”

“आतल्या खोलीतली भिंत ओली होती?”

“सांगतेय काय मग? पदर लागला माझा.” तिने आत जाऊन त्या दिवशीची साडी आणली आणि पदर दाखवला. भोळा राखाडी, काळा आणि पांढरा. “आणि तुमचा रंगारी माणूस विचित्र आहे हो. दोन महिने मी त्या घरात राहत होते, त्याला पट्टे मारताना दोनदा चहा करून दिला मी. त्या दिवशी हाताच्या अंतरावर उभी राहिले तर मान वाकडी करून बघतो आणि म्हणतो, कोण? मी बोलले तेव्हा म्हणाला, अहो ताई तुम्ही होय!”

पदर माझ्या हातात होता. मान वाकडी करून. गेले सहा महिने दादा माझ्याकडे असाच बघत होता, जरा बाजूने, कोंबडा बघतो तसा. मी त्याला चिडवायची, दादा, मान अवघडली की बायकोने मुरगळली? डब्यावरचा नंबर मोठ्या अक्षरात लिही म्हणायचा, तर मी म्हणायची, म्हातारा झालास. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चाललं होतं आणि मी थट्टा करत होते.

५

दादाकडे जायच्या आधी मी दुकानात गेले आणि एकाच शेडची चार कार्डं काढली. एकच नंबर, एकच छपाई, चार वेळा. हे करताना माझी मला लाज वाटत होती. लहानपणी दादा माझ्यासमोर अशीच कार्डं पसरायचा आणि विचारायचा, सांग बाळे, कुठला वेगळा? चुकले की टपली मारायचा.

तो घराच्या पायरीवर ब्रशचे केस विंचरत बसला होता. मी शेजारी बसले आणि कार्डं त्याच्या मांडीवर मांडली.

“दादा, एक गिऱ्हाईक डोकं खातंय. ह्या चारांत वेगळा कुठला, सांग जरा.”

त्याने मान कलती केली. एकेक कार्ड उचलून उजेडात धरलं, अगदी पूर्वीसारखं. मग दुसऱ्या कार्डावर बोट ठेवलं. “हा जरा निळसर आहे. नीट बघितलं तर कळतं.”

मी काहीच बोलले नाही. तो माझं न बोलणं ओळखतो. थोड्या वेळाने त्याने कार्डं गोळा केली, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिली.

“चारही एकच आहेत ना?” तो म्हणाला.

“हो.”

“हुशार झालीस बाळे.”

मग त्याने सांगितलं. डोळ्याच्या मागचा पडदा वाळत चाललाय. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, ह्याला औषध नाही. वर्ष झालं डॉक्टरांनी सांगून. मधोमध बघायला गेलं की धूर, कडेकडेने दिसतं. म्हणून कोपरे जमतात. कोपरे तर हातही करतो.

“आणि सरांची भिंत?”

“पोपडा काढला तर भिंतीला डाग दिसणार. डाग ठेवून कसं जायचं? भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारली की सांधा दिसत नाही, तुला माहितीय. पण त्याआधी मी पट्टे शोधले. आईची शपथ, शोधले. अर्धा तास त्या भिंतीसमोर उभा होतो. मला सगळी भिंत एकच दिसली. हात फिरवला तर एका ठिकाणी कुणीतरी नवख्याने आडवेतिडवे ब्रश मारल्यासारखं लागलं. म्हटलं, वहिनींनी एक रंग ठरवला असेल आणि सरांनी कुणाकडून तरी भिंत मारून घेतली असेल. मला नाही बोलावलं, म्हणून जरा वाईटही वाटलं.” तो थांबला. “मग परवा सरांचा फोन आला. पट्टे गेले, खूण गेली. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आणि नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर विचारलं असतं, दिसलं कसं नाही? एकदा ते तोंडातून निघालं की मला कोण भिंत देणार?”

“त्यांनी मुलीला घराबाहेर काढलंय, दादा.”

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या हातातली फणी खाली पडली. ती पायरीवर त्याच्या पायाशीच पडली होती आणि तो भलतीकडे चाचपडत होता. मी उचलून दिली. माझ्या दादाचे डोळे गेले होते आणि हे शोधून काढणारी मीच होते. मला माझ्या हुशारीचा एवढा राग कधी आला नव्हता.

अचानक मी त्याचं मनगट धरलं. “दादा, काय म्हणालास? आडवेतिडवे ब्रश? कुठल्या ठिकाणी?”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे त्या खोलीत होतो. मुलीला मी आणलं होतं. सरांनी तिच्याकडे बघितलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. वहिनींची बहीण खिडकीशी उभी होती.

मी सुरुवात करणार तेवढ्यात दादाच पुढे झाला. “सर, भिंत मी मारली. पॅसेजमधल्या डब्याने. फोनवर खोटं बोललो. मला पट्टे दिसले नाहीत. मला आता मधलं दिसत नाही. पोरीला बोल लावू नका.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, “तुम्हाला दिसले नाहीत. मला दिसत होते, मी बघितले नाहीत.” मग मुलीकडे वळले आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. ती जवळ गेली. मी दुसरीकडे बघितलं.

नंतर मी दादाचा हात धरून त्याला पलंगाशी नेलं. “कुठे लागलं होतं?”

त्याने तळवा भिंतीला लावला आणि डोळे मिटले. मिटले काय, उघडे काय. हात हळूहळू सरकत गेला आणि गादीच्या जरा वर थांबला. “इथे. पॉलिश पेपर मारला होता मी, पण सगळं निघालं नाही. जाड रंग आहे, छोट्या ब्रशचा. उभे फटकारे. इथून सुरू होतात.” हात वर गेला. “आणि इथे संपतात, एकदम. ह्याच्या वर काही नाही.”

“ताई, जरा पलंगाच्या कडेला बसता का? भिंतीकडे तोंड करून,” मी वहिनींच्या बहिणीला म्हटलं. “आता उजवा हात वर करा, जमेल तेवढा.”

तिने हात वर केला. बोटं बरोबर तिथे पोहोचली, जिथे दादाचा तळवा थांबला होता.

ती तशीच बसून राहिली, हात भिंतीला. “नखं,” ती म्हणाली. “ती नखं.”

“हो. रक्त आटलं नव्हतं, ताई. रंग होता. तुम्ही दुपारी पडला होतात तेव्हा त्यांनी उरलेला डबा उघडला. आपण सगळे पेन्सिलीची खूण शोधत होतो. वहिनींची खूण पेन्सिलीची नव्हतीच. त्यांनी भिंत रंगवायला घेतली होती. बसून जेवढा हात पोहोचला तेवढी रंगवली.”

आता उरलं ते माझं काम. फटकारे दुसऱ्या पट्ट्यावर होते, म्हणजे दुसरा त्यांनी मोडीत काढला होता. पण कुठल्या रंगाने? मी पॉलिश पेपरचा तुकडा ओला केला आणि सगळ्यात खालच्या फटकाऱ्यावर, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, हलक्या हाताने घासलं. आधी भोळा राखाडी गेला. त्याखालून एक राखाडी वर आला. आणखी घासलं तर त्याच्याखाली पिवळ्या थेंबाचा दुसरा दिसला. मी मधल्या थराशी खिडकीच्या उजेडात कार्डं लावून बघितली. लाल थेंबाचा. लाल म्हटलं तरी कुणाला लाल दिसणार नाही तो.

“तिसरा,” मी म्हटलं. “वहिनींनी तिसरा निवडला, सर.”

मला वाटलं होतं, आता त्यांना बरं वाटेल. त्यांनी भिंतीतल्या त्या तिकिटाकडे बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मी तिसऱ्याचं कार्ड हातात दिलं, तेही बघितलं.

“मला अजूनही काही फरक दिसत नाही हो,” ते म्हणाले. “ह्यात तिला काय दिसलं असेल?”

मला त्यात काय किती पडतं ते तोंडपाठ आहे, तेवढं मी सांगितलं.

“मला शिकवा,” सर म्हणाले. “बसा इथे. चारही कार्डं ठेवा, आणि मला विचारा. तिनं विचारलं होतं तसं.”

मी चार कार्डं चादर नसलेल्या गादीवर मांडली. मुलीनेच विचारलं. “बाबा, कुठला बरा वाटतो?”

ते पलंगावर बसले आणि बघू लागले. मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगते ते त्यांना सांगितलं: एकट्या कार्डाकडे बघू नका, दोन-दोन शेजारी धरा, डोळा किलकिला करा, घाई करू नका. त्यांनी घाई केली नाही. खिडकीतलं ऊन सरकत पलंगाच्या पायापर्यंत गेलं. दादा जमिनीवर बसून होता, कुणीही हलत नव्हतं. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, “अरे, हा हिरवट आहे,” आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी निळाही ओळखला. मग लाल. सहा-सात महिने उशिरा, पण चारही वेगळे दिसले त्यांना.

शेवटी त्यांनी एका कार्डावर बोट ठेवलं. “हा.”

तो पहिला होता. निळा थेंबवाला.

मुलीने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं, पण दादासमोर मला रंगाच्या बाबतीत खोटं बोलता येत नाही. “हा पहिला आहे सर. वहिनींचा तिसरा.”

“असं होय,” ते म्हणाले. कार्ड हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून बघितलं. “मग आमचं भांडण झालं असतं. तिनं माझ्या आवडीला नावं ठेवली असती. मीही ऐकलं नसतं. दोन-तीन दिवस तरी चाललं असतं.” एवढं बोलून ते थोडं हसले, आणि मग त्या उघड्या गादीवर ओणवे होऊन रडायला लागले.